खरबुजाची मर : पंप ठेवा, आधी खुरपं घ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं उत्तर कशाला आहे ते इतरांनाही कळेल. सोलापूर जिल्ह्यात एक एकर खरबूज. भारी काळं रान, बेड, मल्चिंग, ठिबक. जानेवारीच्या अखेरीस रोपं लावली. ५५ दिवसांपर्यंत प्लॉट नजर लागावी असा, फळं किलोच्या घरात, जाळी धरलेली. मग वेल दुपारी मान टाकायला लागले, संध्याकाळी सावरायचे, चौथ्या दिवशी सावरलेच नाहीत. सुरुवात उताराच्या बाजूने. मागच्या वर्षी कलिंगड होतं, तेव्हाही तिथूनच. तीन आळवण्या झाल्या, म्हणजे बुंध्याशी बुरशीनाशकाचं पाणी तीनदा ओतलं : कार्बेन्डाझिम, मग कॉपर, मग पुन्हा कार्बेन्डाझिम. शेजारच्या मुरमाड रानात मात्र त्याच नर्सरीची, त्याच दिवशी लावलेली रोपं ठणठणीत. जमिनीत नेमकं काय आहे आणि पुढच्या वर्षी कलमी रोपं लावावीत का, हे तुम्ही विचारलंय.

वेलवर्गीय पिकांत २२ वर्षं प्लॉट बघत फिरतोय, त्यावरून एक गोष्ट सांगतो. ‘मर’ हे रोगाचं नाव नाही, ते लक्षण आहे. मुळ्या पाणी देईनाशा झाल्या की वेल झोपतो, एवढाच त्याचा अर्थ. मुळ्या का थांबल्या याची निदान पाच कारणं असू शकतात, आणि त्यातलं कोणतं तुमच्या रानात येणार हे बरंचसं जमीन ठरवते. पाचही वेळा दुकानातून मिळतो तो औषधाचा एकच डबा.

म्हणून पहिलं काम उपटायचं नाही, खणायचं. उपटलं की बारीक मुळ्या मातीतच राहतात आणि हातात येतं ते नुसतं सोटमूळ, जे बघून काही कळत नाही. पूर्ण मेलेला वेल घेऊ नका. दुपारी झुकतोय पण अजून हिरवा आहे असा घ्या, आणि सोबत चांगल्यातला एक घ्या. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून गोल खणा, गड्डा तसाच उचला, बादलीत दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या आणि माती आपोआप सुटू द्या. मग पांढऱ्या कागदावर दोन्ही मुळ्या शेजारी ठेवा.

आता काय बघायचं. मुळीची साल दोन बोटांत धरून ओढली आणि मोज्यासारखी सरकून आली, आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली, तर ते पिथियम. जास्त पाण्याचा रोग. खोड बुंध्याजवळ आडवं कापल्यावर आतल्या शिरांचं कडं तपकिरी दिसलं, वेलाची एकच बाजू आधी पिवळी पडली असली, खोडावर लांबट चीर आणि डिंक असला, तर फ्युजॅरियम ही बुरशी. बुंध्याची साल करडी पडून आत मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे कण दिसले तर मॅक्रोफोमिना, हीही बुरशीच. गाठी असल्या तर निमॅटोड, म्हणजे मुळीतले सूक्ष्म कृमी, ते तुम्ही ओळखताच. आणि पाचवं थोडं फसवं : सोटमूळ बऱ्यापैकी दिसतं पण पांढरी मुळी जवळपास शून्य, आणि वाळत चाललेल्या मुळ्यांवर दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली काळे बारीक फुगवटे, अर्ध्या खसखशीएवढे. ही मोनोस्पोरॅस्कस नावाची बुरशी. इस्रायलचं अरावा खोरं, स्पेन, टेक्सास इथल्या खरबूजवाल्यांची झोप याने उडवली आहे. फळं पिकायच्या आठ-दहा दिवस आधी अख्खा प्लॉट बसतो. उष्ण, कोरडं हवामान आणि विम्ल (आम्लाच्या उलट), खारवट जमीन ही त्याची आवड. आपल्या प्लॉटवर लॅबच्या रिपोर्टशिवाय हे नाव लावू नका, पण भिंग खिशात ठेवायला काय जातं.

तुमच्या सांगण्यात मला दोन धागे दिसतात : भारी जमीन, आणि उताराकडून सुरुवात. दोन्ही धागे एकाच ठिकाणी जातात, ते म्हणजे वाफसा.

आपल्या भाषेत हा शब्द आहे हे आपलं नशीब. जमिनीतल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही हिशेबाने असणं म्हणजे वाफसा. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते. फुगली की मोठ्या पोकळ्या बंद होतात, आणि हवा राहते ती या मोठ्या पोकळ्यांतच. मुळीला श्वास लागतो. मार्चमध्ये माती तापली की मुळीची श्वासाची गरज वाढते, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की ती साधारण दुप्पट होते. आणि नेमकं तेव्हाच गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणजे जानेवारीत चार तास पाणी साचलेलं जे मूळ सहन करतं, ते मार्चमध्ये करत नाही. गुदमरलेल्या मुळीतून साखर आणि इतर रस बाहेर झिरपतात, आणि पिथियमला याहून मोठं आमंत्रण लागत नाही. पिथियमचे बीजाणू शेपटीने पोहत मुळीपर्यंत जातात, त्यासाठी मातीच्या कणांमध्ये भरलेलं पाणी हवं. वाफशाच्या जमिनीत त्यांना पोहायला वाटच नसते. त्यातून उन्हाळ्यात आपल्याकडे येणारा पिथियम ३० ते ३५ अंशांतही जोमात असतो, त्यामुळे ‘थंडी गेली, आता मूळकूज नाही’ हा समज सोडा.

आता तुमचं पाणी. तुम्ही लिहिलंय, ‘रोज सकाळी एक तास, नियमित’. हे ‘नियमित’ मला खटकलं. हिशेब करू. बेडमधलं अंतर ६ फूट, ड्रीपर ४० सेंटिमीटरवर, ताशी ४ लिटरचा धरला तर एकरात साधारण साडेपाच हजार ड्रीपर होतात. तासाला २२ हजार लिटर, म्हणजे एकरभर पसरलं तर साडेपाच मिलिमीटर पाणी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मल्चिंगखाली, चार पानांच्या रोपाला दीड-दोन मिलिमीटर पुष्कळ झालं. तुम्ही दिलं तीन-साडेतीन पट, तेही रोज, आणि मल्चिंगमुळे उडून जायला जागा नाही. मूळ खाली जायचं कारणच उरलं नाही, ते वरच्या चार-पाच इंचांत पसरलं. पुढे मार्चअखेर ऊन ३८-३९ वर गेलं, वेलावर तीन-तीन फळं, गरज सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि तास तोच. आता तेच पाणी कमी पडतं, आणि कमी पडलेलं खालून ओढायला खोल मूळ नाही. लहानपणी बुडवलं आणि ऐन कामाच्या वेळी तहानलेलं ठेवलं. घड्याळ लावून पाणी देणारे बहुतेक प्लॉट असेच जातात.

उताराचं आणखी एक कारण सांगतो, जे सहसा कुणी बघत नाही. मोटर बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी सर्वांत खालच्या ड्रीपरमधून निथळतं. शिवाय खालच्या टोकाला दाबही थोडा जास्त. पाणी फार नसतं, पण रोज, त्याच वीस-पंचवीस झाडांना. मोटर बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी खालच्या कोपऱ्यात जाऊन मल्चिंग उचलून बघा. तिथे अजून थेंब पडत असतील आणि मातीचा लाडू बोटांना चिकटत असेल तर तुमच्या रोगाचा पत्ता सापडला.

मात्र वरच्या बाजूचे वेल गेले ते याच रोगाने, असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी माढा तालुक्यात एका प्लॉटवर मी अशाच दोन टोकांच्या मुळ्या धुतल्या. खालच्या टोकाला साल सरकत होती, माती निळसर करडी, वास आंबूस. वरच्या टोकाला खडकाळ पट्टा, तिथे बुंध्यात मिरपूड. एकाच एकरात, एकाच आठवड्यात एक रोग पाण्याने आणि दुसरा तहानेने. मालकाने दोन्हीकडे सारखीच आळवणी केली होती, आणि तिने खालच्या टोकाच्या मुळ्यांना आणखी पाणी मिळालं, एवढंच.

तहानेचा हा रोग तुम्हाला नवा नाही. रब्बी ज्वारीचा खडखड्या म्हणजे हीच बुरशी, मॅक्रोफोमिना. दाणे भरताना ओल तुटली की ताट आतून पोकळ होऊन मोडतं. खरबुजात फळ भरताना ओल तुटली की हेच. म्हणून ‘ज्वारीवर खरबूज घेतलं, फेरपालट झाली’ हे या बुरशीपुरतं खरं नाही. हरभरा आणि सोयाबीनही तिच्या ताटातलेच. कांदा किंवा गव्हाच्या रानावर मी जास्त निर्धास्त असतो, अर्थात त्यानेही ती रानातून जात नाही, कमी होते.

मग फ्युजॅरियम? सगळे मर म्हटलं की त्याचंच नाव घेतात. पण भारी, चुनखडीच्या काळ्या रानात मी त्याच्यावर शेवटी संशय घेतो. याला आधार आहे. फ्रान्समध्ये आविन्योंजवळ शातोरनार नावाचं गाव आहे, खरबुजांचाच मुलूख. आजूबाजूला फ्युजॅरियमने खरबूज जात होतं आणि इथल्या चिकण, चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू (पीएच) असलेल्या मातीत ते नांदत होतं, तेही रोगाला बळी पडणाऱ्या वाणांचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी माती वाफेने तापवली तेव्हा तिची ही ताकद गेली, आणि त्याच मातीचा थोडा भाग दुसऱ्या तापवलेल्या मातीत मिसळला तेव्हा ती तिकडे गेली. म्हणजे राखण करत होते ते मातीतले जीव. त्यात निरुपद्रवी फ्युजॅरियमही होते, जे रोग करणाऱ्या भावाचं अन्न आणि मुळीवरची जागा आधीच अडवून ठेवतात. सोबत स्यूडोमोनास जिवाणू, जे लोह पळवतात. विम्ल जमिनीत लोह आधीच दुर्मिळ, त्यामुळे हा खेळ तिथे जास्त चालतो. मध्य अमेरिकेच्या केळीबागांतही आपल्या काळ्या मातीसारख्या फुगणाऱ्या चिकणमातीत पनामा मर सावकाश पसरते हे साठच्या दशकातच नोंदलं गेलं. आपल्या प्रत्येक काळ्या रानात अशी राखण आहे असा याचा अर्थ नाही. पण खोड कापून तपकिरी कडं दिसल्याशिवाय फ्युजॅरियमवर पैसे घालू नका, एवढा अर्थ नक्की आहे.

आणि आता तुमच्या शेजाऱ्याचं मुरमाड रान. तिथे वाफसा लवकर येतो, मूळ खोल जातं, पाण्याचा रोग जवळपास नाही. पण हलक्या, मोकळ्या जमिनीत निमॅटोडला फिरायला सोपं, आणि त्याने पाडलेल्या भोकांतून फ्युजॅरियमला घर मिळतं. त्या रानात तीन वर्षं ओळीने वेलवर्गीय पिकं घेतली तर चौथ्या वर्षी प्रश्न विचारायची पाळी त्याची असेल. आपल्या जुन्या डांगरवाड्या बघा. नदीच्या वाळूत वर्षानुवर्षं त्याच लोकांनी डांगर-कलिंगड लावलं. वाळू म्हणजे फ्युजॅरियम आणि निमॅटोडचं माहेर, तरी वाडी टिकली, कारण पावसाळ्यात नदी जुनी वाळू घेऊन जायची आणि नवी आणून टाकायची. फेरपालट पीक करत नव्हतं, जमीनच करत होती. शेतातल्या हलक्या रानात ती सोय नाही.

इंटरनेटवर एक सल्ला फिरतो, तोही इथेच निकालात काढतो : मर लागली की चुना टाका, सामू वाढवा. हा सल्ला खोटा नाही, पण तो फ्लोरिडाच्या आम्ल वाळूतला आहे. तिथे चुना आणि नायट्रेट नत्र यांनी कलिंगडाची मर खरोखर कमी होते. आपल्याकडे रायगड-रत्नागिरीच्या जांभ्या जमिनीत, भातानंतरच्या कलिंगडाला, माती परीक्षणात सामू साडेपाच-सहा आला तर हे जरूर करा. सोलापूरच्या आठ सामूच्या रानात चुना म्हणजे तहानलेल्याला मीठ. त्यातलं आपल्या कामाचं अर्धं म्हणजे नत्राचं. अमोनियाच्या रूपातलं नत्र मुळीभोवतीची माती आम्ल करतं आणि फ्युजॅरियमला मदत करतं, नायट्रेट उलट. त्यामुळे खोड कापून तपकिरी कडं निघालं असेल तर अमोनियम सल्फेट, युरिया आणि १२:६१:०० या खतांचा हात आखडा, आणि कॅल्शियम नायट्रेटकडे वळा. पिथियमवर मात्र याचा फार परिणाम धरू नका.

बेडच्या कडेला पांढरी पुटं येतात असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. जाता जाता लिहायची ती गोष्ट नव्हे. बोअरचं पाणी खारं असलं की ठिबकच्या ओल्या गोळ्याच्या कडेला क्षार साचतात. मूळ त्या कडेपर्यंत पोचलं की भाजतं, आणि भाजलेल्या टोकातून मॅक्रोफोमिना सहज शिरते. मोनोस्पोरॅस्कसला तर क्षाराचं वावडंच नाही. विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, मातीची आणि पाण्याची दोन्ही तपासा. मातीची मीटरला १ डेसीसायमनच्या वर आली तर खरबूज तिथे काठावर आहे असं समजा. सामू साडेआठच्या वर, आणि पाऊस पडल्यावर वर खपली धरणारं रान असेल तर ते चोपण, म्हणजे सोडियम साचलेलं. तिथे आधी निचऱ्याचा चर काढा आणि मग जिप्सम, किती ते परीक्षण सांगेल. चर न काढता जिप्सम टाकलं तर सुटलेलं सोडियम जाणार कुठे?

या वर्षीच्या आळवण्यांबद्दल. कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही. जोर कमी म्हणून नव्हे, त्या जिवाच्या शरीरात ते पकड घेण्याची जागाच वेगळी आहे. पिथियम खऱ्या अर्थाने बुरशीही नाही. त्याच्यासाठी मेटॅलॅक्झिलच्या गटातली औषधं आहेत, आणि ती फ्युजॅरियम-मॅक्रोफोमिनावर निरुपयोगी. म्हणून म्हटलं, मूळ बघितल्याशिवाय डबा उघडू नका. आणि ५५ दिवसांनंतर, तोडणी तोंडावर असताना, मी कोणत्याच औषधाची आळवणी सुचवत नाही. मुळी गेलेली असते, ती औषधाने परत येत नाही, आणि फळ माणसं खाणार आहेत.

उरलेल्या वेलांसाठी एवढं करा. खालच्या कोपऱ्यातल्या नळ्यांना टोकाशी कॉक लावून तो भाग दोन-तीन दिवस बंद ठेवा, मल्चिंग कडेने उचलून हवा लागू द्या. वरच्या भागात उलट, तोच तास सकाळी आणि दुपारी तीनला असा विभागून थोडा वाढवा. वेलावर तीन फळं असतील तर कमजोर एक काढा. फळांचा भार हाच शेवटचा धक्का असतो. त्याच बुरश्या असूनही फळ नसलेला वेल बऱ्याचदा उभा राहतो.

तोडणी संपली की वेल मल्चिंगखाली तसेच सोडायचे नाहीत. आपल्याकडे त्याच पेपरच्या त्याच भोकात लगेच दुसरं वेलवर्गीय लावायची खोड लागली आहे, पेपरचे पैसे वसूल करायला. मेलेल्या मुळ्यांवरच या बुरश्या पुढच्या वर्षाची शिदोरी बांधतात, मोनोस्पोरॅस्कस तर खासकरून वेल मेल्यानंतरच्या काही आठवड्यांत. त्यामुळे शेवटच्या तोड्यानंतर लगेच पाणी बंद करून मुळ्यांसकट उकरा, उन्हात कडकडीत वाळवा, बांधाबाहेर न्या.

मे महिन्यात रान रिकामं असेल तर पारदर्शक प्लास्टिक टाकून जमीन तापवण्याचा विचार करा. ही पद्धत १९७६ मध्ये इस्रायलच्या काटान आणि सहकाऱ्यांनी मांडली, आणि आपला मे महिना त्यासाठीच बनवल्यासारखा आहे. अट दोन : आधी भरपूर पाणी द्यायचं आणि कडा मातीने बंद करायच्या. २५ मायक्रॉन पेपर, चार ते सहा आठवडे. काळा पेपर चालत नाही. पिथियम, फ्युजॅरियम, निमॅटोड यांच्यावर फरक दिसतो. मॅक्रोफोमिना आणि मोनोस्पोरॅस्कस उष्णतेला सहज दाद देत नाहीत, तिथे पैसे घालवू नका.

पुढच्या लागवडीआधी एक खड्डा नक्की करा. फूटभर खोल, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसरं पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल तर खाली रोटाव्हेटरने ठोकून बसवलेला थर आहे असं समजा. खड्ड्याच्या भिंतीत सुरी टोचत खाली गेलात की पाच-सहा इंचांवर ती अडते, तिथेच. सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं अवजार) रान कोरडं असताना चालवायचा, ओल्यात चालवला तर तो फोडत नाही, लिंपतो. बेड किमान फूटभर उंच, शेणखत पूर्ण कुजलेलं. कच्चं शेणखत बेडमध्ये गाडणं म्हणजे पिथियमला डबा पोचवणं. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी पूर्ण कुजलेल्या खतात आठ-पंधरा दिवस वाढवून द्या, नुसती पावडर विम्ल, उपाशी जमिनीत ओतून ती जगत नाही. पहिले तीन आठवडे पाणी घड्याळाने नाही, लाडवाने : ड्रीपरपासून वीतभर अंतरावर चार इंच खालची माती मुठीत दाबायची. लाडू होऊन टिचकीने फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. लाडू होतच नसेल तर द्या. चिकटत असेल तर दोन दिवस मोटरकडे जाऊ नका.

राहिली कलमी रोपं. भोपळ्याच्या खुंटावर कलम केलेलं वेलवर्गीय फ्युजॅरियमला चांगलं टिकतं. जपानमध्ये १९२० च्या दशकाअखेर भोपळ्यावर कलिंगडाचं कलम सुरू झालं ते याच कारणासाठी. पण भोपळ्याचं मूळही गुदमरतं, त्यालाही पिथियम होतो, खारट-तहानलेल्या जमिनीत त्यालाही मॅक्रोफोमिना लागते. आणि खरबुजात खुंट चुकला तर गोडी-वास बदलतो, व्यापारी ते पहिल्या फळात ओळखतो. तुमच्या खोडात तपकिरी कडं निघालं तर कलमाचा खर्च करा. साल सरकली तर तेच पैसे चरात आणि बेडच्या उंचीत घाला. आणि तो खालचा कोपरा, जेमतेम दोन-तीन गुंठे असेल, तिथे पुढची दोन वर्षं कांदा लावा.